आठवीतच फाईल उघडा : माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक सर आणि बाई,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एकवीस वर्षं झाली. वर्षातले दहा महिने फळ्यापुढे आणि मे-जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर. आमच्याकडे आसपासच्या तीसेक गावांतून मुलं येतात, म्हणजे तुमच्याच शाळांमधून. तुमच्यापैकी काहींना दाखल्यावरच्या एखाद्या चुकीसाठी मी भर दुपारी फोनही केलेले आहेत. पण जे सांगायचं आहे ते फोनवर मावत नाही, आणि ते माझ्या तालुक्यापुरतंही नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी उघडं लिहिते आहे.

कॉलेजची तयारी दहावीच्या निकालानंतर सुरू होते असं आपण सगळेच धरून चालतो. शाळा म्हणते, आमचं काम दहावीपर्यंत. कॉलेज म्हणतं, आमचं काम प्रवेश झाल्यावर. मधले जे चार-सहा आठवडे उरतात त्यांत एका पंधरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या आईबापाने सगळं उरकायचं असतं : कागद, शाखा, विषय, कॉलेज, वसतिगृह, पैसे. माझ्या टेबलावर जे अडतं, त्यातलं बहुतेक सगळं आठवी ते दहावीच्या तीन वर्षांत, तुमच्या शाळेत, फार खर्च न करता सुटलं असतं. हे मी खात्रीने सांगते, कारण एकवीस वर्षं मी तेच ते अडताना बघते आहे.

आधी हे आत्ताच का लिहिते ते सांगते. २०२४-२५ पर्यंत अकरावीचा ऑनलाइन केंद्रीय प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरता होता. आपल्याकडे दहावीचा दाखला आणि गुणपत्रक घेऊन वडील मुलाला कॉलेजात आणायचे, फी भरायचे, प्रवेश झाला. कागद कमी असला तर "आणून द्या नंतर" म्हणता यायचं. २०२५-२६ पासून ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. आता अर्जाचा भाग एक, भाग दोन, दहापर्यंत पसंतीक्रम, फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीची ठरलेली मुदत. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर जातं. पहिल्याच वर्षी एका मुलाने मित्रांबरोबर बसून सोलापूर शहरातलं एक कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. मिळालं. शहरात खोली करून राहणं घरच्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून तो गेला नाही. मग आमच्याकडे जागा असूनही कितीतरी दिवस तो अर्ज हातात घेऊन नुसता फिरत होता. त्याला ऐंशीच्या वर टक्के होते. या नियमाबद्दल त्याला दहावीत असताना कोणी पाच मिनिटं सांगितलं असतं तर हे झालं नसतं.

आता कागदांबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कागदांचं काम कंटाळवाणं म्हणून सगळे ते पुढे ढकलतात, आणि मुलाचं वर्ष त्यावरच जातं.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो हे पालकांना माहीत असतं. त्यासाठी पुरावा किती जुना लागतो हे बहुतेकांना माहीत नसतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची नोंद दाखवावी लागते, म्हणजे बहुतेक घरांत आजोबांची किंवा पणजोबांची. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. नसतील गेले तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुक, जमिनीचे जुने कागद. हे शोधायला दोन महिनेही लागतात आणि दोन वर्षंही. १९७२ च्या दुष्काळात किंवा त्यानंतर कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली पुष्कळ कुटुंबं आपल्या गावांत आहेत. त्यांना दाखला इथे मिळत नाही, मूळ जिल्ह्यात जावं लागतं. निकालानंतरच्या आठवड्यात एखादा बाप तीनशे किलोमीटरवरच्या तहसिलीत जाऊन आजोबांची नोंद कशी शोधणार? हेच काम मूल आठवीत असताना हाती घेतलं तर दिवाळीला गावी गेल्यावर होऊन जातं.

भटक्या समाजातल्या मुलांचं तर आणखी अवघड. आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नाही, जन्माची नोंद नाही, दर चार महिन्यांनी मुक्काम वेगळा. अशा मुलाला तुमच्या शाळेने आठवीत हेरलं तर तलाठी, ग्रामसेवक, मंडळ अधिकारी यांच्याकडे जायला तीन वर्षं मिळतात. माझ्याकडे तो येतो तेव्हा तीन आठवडे उरलेले असतात.

सगळेच दाखले आठवीत काढून ठेवायचे असं मात्र नाही. जातीचा दाखला एकदा निघाला की निघाला. अधिवासाचा दाखलाही आधी काढून ठेवता येतो. उत्पन्नाचा दाखला ताजाच लागतो. नॉन-क्रिमिलेअरलाही मुदत असते, आणि बारावीनंतरच्या व्यावसायिक प्रवेशांना तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो, म्हणून त्या वर्षीचा त्या वर्षी काढलेला बरा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी कॉलेजचं पत्र लागतं, त्यामुळे तो अर्ज अकरावी-बारावीत जिल्हा पडताळणी समितीकडे जातो. ते काम आमचं. पण त्या अर्जाला जी वंशावळ आणि जे जुने पुरावे जोडायचे, ते तेच, जे तुम्ही आठवीत जमवायला सांगितलेले असतील. ज्या मुलाच्या फाईलमध्ये ते आहेत त्याचा अर्ज आम्ही आठवडाभरात पाठवतो. ज्याच्याकडे नाहीत तो बारावीच्या मे महिन्यापर्यंत हेलपाटे मारत राहतो, आणि मग मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसतो.

आपल्या सीमेवरच्या गावांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि सोलापूरच्या कितीतरी सुनांचं माहेर इंडी, विजयपूर, आळंदकडे आहे. म्हणजे मूल इथलं, शाळा इथली, पण दाखल्यावर जन्मस्थळ कर्नाटकातलं. महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि दहावी-बारावी इथूनच झालेल्या मुलाला अभियांत्रिकीच्या प्रवेशाला शाळेच्या दाखल्यावरचं जन्मस्थळही पुरतं. माहेरी जन्मलेल्याला अधिवासाचा दाखला काढावाच लागतो. हे बारावीनंतर कागदपत्रं तपासताना कळतं, तेव्हा तहसिलीत सेतू केंद्रापुढे मोठी रांग लागलेली असते. तुमच्या जनरल रजिस्टरमधल्या जन्मस्थळाच्या रकान्यावरून एकदा नजर फिरवली तर अशी मुलं दहा मिनिटांत सापडतील.

रजिस्टरचा विषय निघालाच आहे तर घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या भावाचं नाव शाळेत घालताना आजोबांनी आडनावाच्या जागी गावावरून पडलेलं नाव सांगितलं. लिहिणाऱ्याने तेच लिहिलं. जन्मतारीख कोणाला आठवत नव्हती, म्हणून गावातल्या निम्म्या मुलांसारखी त्यालाही १ जून मिळाली. जातीच्या कागदावर आडनाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं. दहावीनंतर त्याला तंत्रनिकेतनाला जायचं होतं, गुण होते. पण कागद जुळेनात. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, शिक्षण खात्याकडे खेपा, यात ते वर्ष गेलं आणि पुढच्या वर्षी घरात पैसे नव्हते. तो आज चांगला वेल्डर आहे, त्याच्या कामाला लोक नावाजतात. पण मशीनचं रेखाचित्र समोर आलं की तो अजूनही बोटाने प्रत्येक रेघ मोजत बसतो, आणि ते बघताना मला गलबलून येतं. मूल शाळेत असतं तोवर रजिस्टरमधली चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होते. शाळा सोडली की तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते. बोर्डाचा फॉर्म भरल्यावर प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते आणि मुलं त्यावर सही करतात, पण ती सही मधल्या सुट्टीत घाईघाईने होते. आधार, रजिस्टर आणि जन्माचा दाखला या तिन्हींवरचं नाव आठवीच्या पहिल्या चाचणीआधी एकदा शेजारी ठेवून वाचा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

कागदांनंतर अडते ती भाषा. खरं तर मनाने मला हेच आधी लिहायचं होतं.

दरवर्षी ऑगस्टच्या सुमाराला माझ्या वर्गात एक मूल गप्प होतं. कधी मुलगा, कधी मुलगी. गावच्या शाळेत विज्ञानात पहिलं आलेलं. पहिले पंधरा दिवस हात वर करणारं. मग पुस्तक इंग्रजी, प्रश्न इंग्रजी, शेजारची सेमी-इंग्रजीची मुलं पटापट उत्तरं देणारी. मी विचारते, अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे काय? त्याला येत नाही. मी विचारते, त्वरण म्हणजे काय? "एकक काळात वेगात होणारा बदल, बाई." घडाघडा सांगतं. भौतिकशास्त्र त्याला येतं. त्याला फक्त हे माहीत नसतं की त्याला जे येतं त्यालाच इथे दुसरं नाव आहे. पण दोन-तीन महिन्यांत त्याची खात्री होऊन बसते की आपण मुळातच कच्चे आहोत. एकदा ती खात्री झाली की मला ती मोडता येत नाही. काही मुलं दिवाळीनंतर कला शाखेला बदली मागतात. कला शाखा चांगलीच आहे, पण आवडीने घेतली तर. इथे ती हरल्यासारखी घेतली जाते.

मी स्वतः मराठी माध्यमात शिकले आणि मुलांनी मराठीतून विज्ञान शिकावं याच मताची आहे. त्वरण, संवेग, जडत्व, अपवर्तन या शब्दांतूनच मला पहिल्यांदा जग कळलं. म्हणून मी सेमी करा असं सांगत नाही. आपल्या बालभारतीच्या नववी-दहावीच्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकात संज्ञेपुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो. तो वर्गात वाचला जात नाही, परीक्षेत विचारला जात नाही, म्हणून मुलांची नजर त्यावरून घसरून जाते. आठवीपासून प्रत्येक मुलाकडे एक वही असू द्या. रोज पाच शब्द : मराठी संज्ञा, तिच्यापुढे इंग्रजी, आणि एकदा मोठ्याने उच्चार. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी तीन वर्षांत तीन हजार शब्द होतात. अकरावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणितात अडण्यासारखे एवढे शब्द नसतीलही. उच्चार मोठ्याने करून घेणं फार गरजेचं आहे, कारण मूल अडतं ते लिहिताना कमी आणि तोंड उघडताना जास्त.

गणिताच्या शिक्षकांना माझा एक निरोप द्या. दहावीच्या भूमितीतली त्रिकोणमिती ऑप्शनला टाकू नका. पासिंगच्या हिशेबाने ती सोडली तर चालते, हे मलाही कळतं. पस्तीस गुणांसाठी झगडणाऱ्या वर्गाची अडचण मी समजू शकते. पण अकरावीच्या भौतिकशास्त्राचा दुसराच धडा गणितीय पद्धतींचा आहे आणि तिसरा प्रतलातील गतीचा. साइन, कॉस माहीत नसलेलं मूल जुलैतच मागे पडतं. प्रयोगांचंही तसंच. प्रयोगवही सुबक असते, आकृत्या देखण्या असतात, आणि मूल व्हर्नियर कॅलिपर पहिल्यांदा माझ्याकडे येऊन हातात धरतं. तुमच्या कपाटात एखादा असेल तर तो बाहेर काढा. नसेल तर आमच्याकडचा घेऊन जा, मी रजिस्टरला नोंद करून देईन.

शाखा निवडण्याबद्दल थोडं. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी राज्यभर झाली होती. मुलांना कागदावर छापील कल मिळायचा. तो कागद घेऊन आलेल्या मुलांना मी विचारायचे की यावर घरी किंवा शाळेत कोणी तुझ्याशी बोललं का. बहुतेकांचं उत्तर नाही असायचं. चाचणी चांगली की वाईट यात मी पडत नाही. चाचणीनंतर जे बोलणं व्हायला हवं ते झालं नाही, आणि ते बोलणं करायला शाळेतल्या शिक्षकाइतकं जवळचं माणूस मुलाला दुसरं नाही. तुम्ही त्याला पाच वर्षं पाहिलेलं असतं. स्नेहसंमेलनाची वायरिंग कोण जोडतं, सहलीचा हिशोब कोण ठेवतं, कोणाच्या हाताला चित्र आहे, हे तुम्हाला माहीत असतं. माझ्यापुढे येतो तो फक्त टक्का.

वायरिंग जोडणाऱ्या मुलाला नव्वद टक्के पडले तर सगळं गाव त्याला सायन्सला ढकलतं, आणि साठ पडले तर आर्ट्सला. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा दहावीच्या गुणांवर मिळतो आणि तो झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे अजूनही घरोघरी पोचलेलं नाही. गणिताची भीती वाटते म्हणून अकरावीला गणित सोडणाऱ्या मुलीला कोणी सांगत नाही की त्याबरोबर अभियांत्रिकीची वाट बंद होते. बायफोकल म्हणजे काय (नेहमीच्या विषयांबरोबर घ्यायचा व्यावसायिक विषय), ते कोणी घ्यावं, हे प्रवेशाच्या खिडकीत उभं राहून विचारलं जातं, मागे रांग असते, आणि मी अर्ध्या मिनिटात काहीतरी सांगते. त्या अर्ध्या मिनिटाची मला दरवर्षी टोचणी लागून राहते.

काही दरवाजे तर दहावीच्या आतच उघडतात आणि मिटतात. सैन्यात अधिकारी व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करून घेणारी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला आहे. त्याचा अर्ज मूल दहावीत असतानाच भरावा लागतो. माझ्याकडे अकरावीत येऊन "बाई, एनडीए करायचंय" म्हणणारी मुलं ती तारीख मागे टाकून आलेली असतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, पण त्याआधी एलिमेंटरी द्यावी लागते, म्हणजे आठवी-नववीतच हालचाल हवी. आणि नियम बदलतात हेही लक्षात असू द्या. बीबीए, बीसीएला २०२४ पासून सीईटी लागली. त्या वर्षी वाणिज्य शाखेची किती तरी मुलं बेसावध राहिली, सीईटीची जादा फेरी घ्यावी लागली. ती चूक आमच्या पातळीवरची, बारावीची होती. मी ती मान्य करते. तेव्हापासून आमच्या स्टाफरूमच्या दारावर सीईटी कक्षाच्या तारखांचा मोठा कागद लावलेला असतो.

पैशाबद्दल घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : "आमच्याच्यानं होणार नाही." बऱ्याचदा ते खरं असतं. पण बऱ्याचदा ते माहितीअभावी बोललेलं असतं. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतली मुलं ती देऊ शकतात, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. एवढ्यात अकरावी-बारावीची पुस्तकं, एसटीचा पास, खोलीभाडं यांतलं बरंच निघतं. काही शाळा यासाठी सुट्टीच्या दिवशीही वर्ग घेतात, आणि तिथली मुलं दरवर्षी झळकतात. काही शाळांमधून एकही अर्ज जात नाही. दोन्ही शाळांतली मुलं मी शिकवलेली आहेत. बुद्धीत फरक नसतो.

मुलींच्या बाबतीत तुमचा शब्द जितका चालतो तितका आमचा चालत नाही, कारण दहावीनंतर जी मुलगी घरी बसते ती आमच्यापर्यंत पोचतच नाही. तिच्या वडिलांशी तुम्हीच बोलू शकता. त्यांना सांगा की ग्रामीण मुलींचा एसटीचा मोफत पास दहावीला संपत नाही, बारावीपर्यंत चालतो. त्यांना सांगा की जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक-शैक्षणिक मागासवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मेस आणि वसतिगृहाचा खर्च राहतो, तोही स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. हे बोलणं आठवीत झालं तर घरातल्या हिशोबात तिचं शिक्षण बसतं. दहावीनंतर झालं तर तोवर दुसरी बोलणी सुरू झालेली असतात.

क्लासबद्दल फार लिहीत नाही. आता आठवी-नववीच्याच पालकांना फाउंडेशन बॅच विकायला माणसं गावात येतात, लातूरचं नाव घेतात, आणि शेळ्या विकून पहिला हप्ता भरलेली घरं मला माहीत आहेत. लातूरने मेहनतीने नाव कमावलं आहे, त्याबद्दल आदर आहे. पण पालक घाबरून निर्णय घेतात, कारण खरी माहिती द्यायला दुसरं कोणी पुढे येत नाही. एमएचटी-सीईटीत वीस टक्के प्रश्न अकरावीचे आणि ऐंशी टक्के बारावीचे असतात, नीट आणि जेईईत दोन्ही वर्षं मोजली जातात, आणि या सगळ्याचा पाया तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकांत आहे : हे वाक्य मुख्याध्यापकांच्या तोंडून पालकसभेत गेलं तर निम्मी घरं तरी थांबून विचार करतील.

मला तुमच्या अडचणी दिसत नाहीत असं समजू नका. लिपिकाची जागा रिकामी आहे, यू-डायस या सरकारी पोर्टलची माहिती रात्री बसून भरावी लागते, शिक्षकांना निवडणुकीच्या याद्यांची कामं आहेत, आणि वर एका कॉलेजच्या बाईंनी आणखी काम सांगावं. म्हणून मी मागते आहे ते थोडकं मागते आहे.

आठवीच्या जूनमध्ये प्रत्येक मुलाच्या नावाची वीस-पंचवीस रुपयांची एक फाईल. तिच्यात पहिल्या पानावर एक यादी आणि एकेका कागदापुढे झाला की खूण. महिन्यातला एक शनिवार, एक तास, आठवी ते दहावीसाठी. आठवीच्या वर्षी फक्त कागद, शब्दांची वही आणि एनएमएमएस. नववीच्या वर्षी तुमचेच माजी विद्यार्थी बोलवा : आयटीआय झालेला, नर्सिंगला असलेली, डिप्लोमातून अभियांत्रिकीला गेलेला, इतिहासात एमए करणारी. त्यांनी आपल्या चुका सांगू द्यात, मुलं त्या कान देऊन ऐकतात. दहावीच्या वर्षी, पूर्वपरीक्षेच्या आधी, अकरावीचा अर्ज एकदा कोऱ्या कागदावर भरून घ्या, दहाही पसंतीक्रम, त्या प्रत्येकापुढे तिथवरचं अंतर आणि जायची सोय. आणि महाराजस्व अभियानात दाखल्यांचं शिबिर तुमच्या शाळेत घ्यावं यासाठी तहसीलदारांना एक पत्र. मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्राला तहसिलीत वजन असतं, एकट्या पालकाच्या अर्जाला नसतं.

पालकसभा मात्र जुलै-ऑगस्टमध्ये घ्या आणि संध्याकाळी सातनंतर घ्या. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी घरं कुलूप लावून निघून जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परत येतात. ज्यांना ही माहिती सगळ्यात जास्त हवी त्यांच्या गैरहजेरीत आपण जानेवारीत सभा घेतो आणि "पालक येत नाहीत" असं इतिवृत्तात लिहितो. मीही तसं लिहिलेलं आहे.

यात माझा वाटा काय, हेही सांगायला हवं. जुलै ते डिसेंबर, महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार मी मोकळा ठेवला आहे. आमचे रसायनचे सर आणि प्रवेशाचं काम बघणारे आमचे लिपिक भाऊसाहेब हे दोघंही यायला तयार आहेत. आम्ही एसटीने येऊ, मानधन नको, दुपारी मुलांसोबत खिचडी खाऊ. येताना दोन व्हर्नियर कॅलिपर, एक स्क्रू गेज, अकरावीची पुस्तकं आणि फाईलमध्ये लावायच्या यादीच्या झेरॉक्स घेऊन येऊ. माझ्या तालुक्यातल्या शाळांनी कॉलेजच्या पत्त्यावर किंवा माझ्या फोनवर, जो तुमच्याकडे आहेच, तारीख कळवा. इतर तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांनी आपल्या जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विचारून पाहा. यायला तयार असलेलं कोणीतरी तिथेही नक्की असेल. त्यांना आजवर कोणी बोलावलेलं नसतं, इतकंच.

पहिल्या तारखेची मी वाट बघते आहे.

आपली नम्र,
अकरावी-बारावीची एक भौतिकशास्त्र शिक्षिका
सोलापूर जिल्हा